आबा, कुणाचा फोन होता?



तुमच्या घरी आजी-आजोबा आहेत ना? मग आजची गोष्ट तुमच्याचसाठी. वाचून झाली की आईबाबांनाही वाचायला द्या बरं का!

गोदावरीकाठचे, संत जनाबाईंचे गंगाखेड हे माझे गाव. इथल्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. आमच्या गल्लीत एक सेवानिवृत्त गुरुजी राहतात. सगळी मुले त्यांना आबा म्हणतात. पेन्शन जमा झाली की आबा बँकेतून येताना नातीसाठी गरम भजी आणायचे. ही नात माझ्याच वर्गात, चौथीत होती.

एका डिसेंबरात भजी आली नाहीत. जानेवारीतही नाहीत. आबा संध्याकाळी पारावर येईनासे झाले. बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. घरात कुणाच्या ध्यानात आले नाही, पण नातीच्या आले. तिने विचारले, “आबा, तुम्ही माझ्यावर रुसलात का?” तेव्हा कुठे आबांनी तोंड उघडले.

झाले होते असे. निवृत्त माणसाला दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे ‘मी हयात आहे, माझी पेन्शन चालू ठेवा’ असे कळवायचे. आबांनी तो दिला होता. चार दिवसांनी फोन आला. “ट्रेझरीतून बोलतोय. तुमचा दाखला मिळाला नाही. आजच पेन्शन बंद होईल. मोबाइलवर एक नंबर आलाय, तो सांगा पटकन.” समोरच्याला आबांचे पूर्ण नाव, निवृत्तीचे वर्ष, सगळे ठाऊक होते. आबांचा विश्वास बसला. त्यांनी नंबर सांगितला आणि पाच मिनिटांत खात्यातले २२ हजार रुपये गेले!

तो नंबर म्हणजे ओटीपी. घराच्या कुलपाची, एकदाच चालणारी किल्लीच समजा. ती आपण होऊन दुसऱ्याच्या हातात दिली, तर कुलूप काय करणार? म्हणून लक्षात ठेवा, बँक किंवा ट्रेझरी फोनवर कधीच ओटीपी किंवा पिन विचारत नाही. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला.

आता खरी गोष्ट ऐका. अशी फसवणूक झाली की ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करायचा असतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात. तक्रार लवकर गेली, तर बँका ते पैसे वाटेतच अडवू शकतात. आबांनी तक्रार केली ती दोन महिन्यांनी. पैसे काही परत आले नाहीत.

एवढा उशीर का? मी विचारले तेव्हा आबा म्हणाले, “बाई, जन्मभर पोरांना हिशेब शिकवला. आता पोरगा म्हणेल, तुम्हाला काही कळत नाही. कसं सांगू?”

मोठ्यांनो, हे वाक्य आपल्यापैकी कितीजण रोज म्हणतो! चोराने आबांना पाच मिनिटांत फसवले, पण दोन महिने वाया गेले ते आपल्या अशा बोलण्याच्या धाकाने.

चोरांची आणखी एक युक्ती आहे. पोलिसांचा वेश घालून ते व्हिडिओवर येतात आणि म्हणतात, “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कुणाला सांगू नका.” मुलांनो, अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये हे सांगितले. ‘कुणाला सांगू नका’ असे जो म्हणतो, त्याच्याबद्दल तर आधी घरात सांगायचे.

पण म्हाताऱ्या माणसांना त्रास देणारा नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. लातूर हा आमच्या शेजारचा जिल्हा. तिथल्या जिल्हा परिषदेने २०२० साली ठरवले, की जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांचा ३० टक्के पगार कापायचा आणि तो आईवडिलांच्या खात्यात भरायचा. १२ जणांविरुद्ध तक्रारी आल्या. त्यांत सहा शिक्षक होते. ही बातमी वाचून माझी मान खाली गेली. पण त्या आईवडिलांचे मला कौतुक वाटले. ते गप्प बसले नाहीत.

२००७ साली यासाठी कायदाही झाला आहे. सांभाळ होत नसेल, तर आईवडील किंवा साठीपुढचे ज्येष्ठ प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. वकील लागत नाही. मुलांनी दरमहा खर्चाला पैसे द्यावेत, असा हुकूम होतो. म्हाताऱ्या आईवडिलांना वाऱ्यावर सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घर किंवा शेत मुलाच्या नावे करताना बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे लिहून ठेवावे. मुलाने अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

तुम्ही म्हणाल, “बाई, आम्ही लहान. आम्ही काय करणार?” सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन नंबर ठळक लिहा. फसवणुकीसाठी १९३० आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. दुसरा नंबर सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. आजीला कुणी उपाशी ठेवत असेल, मारत असेल, जबरदस्तीने अंगठा घेत असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला किंवा शाळेतल्या बाईंना, गुरुजींना सांगा. त्यात चुगली नाही. आणि रोज संध्याकाळी आजोबांजवळ बसून हसत विचारा, “आज कुणाकुणाचा फोन होता?” विचारताना रागवायचे मात्र नाही!

आबांच्या नातीने हेच सुरू केले. आता अनोळखी फोन आला की आबा म्हणतात, “थांबा हं, नातीला विचारून सांगतो.” पलीकडचा लगेच फोन ठेवून देतो. भजीही पुन्हा सुरू झाली आहेत. परवा माझ्याही वाट्याला दोन आली!