टेबल बघायचं कुणी, बदलायचं कुणी?

आपलं बुधवार पेठेशी नातं दोन कारणांनी. प्रोजेक्टच्या आय.सी. आणि वायरी घ्यायला तपकीर गल्ली, आणि परीक्षा तोंडावर आली की जुनी पुस्तकं शोधायला अप्पा बळवंत चौक. आमच्या मुलींच्या हॉस्टेलची बुक बँक या चौकाच्याच जिवावर उभी आहे. सीनिअर्सनी सेकंडहँड घेतलेली पुस्तकं, तीन कपाटं आणि एक जाडजूड रजिस्टर. पुस्तक नेताना डिपॉझिट भरायचं, परत दिलं की ते मिळतं. शेवटच्या वर्षी नो-ड्यूजवर सही हवी तर रजिस्टरात आपल्या नावापुढे 'परत' लिहिलेलं पाहिजे. म्हणजे कुणी चुकीची ओळ खोडली की एखादीचे पैसेही अडकतात आणि सहीही.

हे रजिस्टर आता वेबवर न्यायचंय. कुठलं मॉड्यूल वापरायचं यावर कॉमन रूममध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी मेसच्या मेनूवरही होत नाहीत! म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामला जोडता येणारा तयार भाग. डेटाबेस वेबवर आणायचा तर त्यात जाती पुष्कळ. सगळ्यात खाली नुसतं बोलणं करून देणारे: पीएचपीत पीडीओ, पर्लमध्ये डीबीआय. पानं, फॉर्म, लॉगिन सगळं आपणच लिहायचं. त्यावर तयार खिडक्या: १९९८ पासूनचं पीएचपीमायॲडमिन, किंवा एकाच पीएचपी फाइलमध्ये मावणारं ॲडमिनर. आणि तिसरे म्हणजे आपण टेबलांचं वर्णन दिलं की बघायची-भरायची पानं स्वतः बनवणारे, उदाहरणार्थ पायथॉनमधलं जँगो. हे अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या ऑफिसात तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना प्रोग्रामरशिवाय मजकूर बदलता यावा ही तिथली गरज, म्हणून त्याचा ॲडमिन विभाग इतका कामाचा.

जुन्या पुस्तकांबद्दल एक सावधगिरी. चौकात पीएचपीची पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण ज्यात मायएसक्यूएल-क्वेरी नावाचं जुनं फंक्शन दिसेल त्यातला कोड उतरवू नका. २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ती अख्खी फंक्शनं काढून टाकली. शिवाय त्या पुस्तकांत पुस्तकाचं नाव थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवायला शिकवतात. आमच्या कपाटात शॉम्स आउटलाइन्स आहेत. इंग्रजीत त्या 'शॉम्स'मध्ये वरचा स्वल्पविराम येतो, तिथे क्वेरीतलं अवतरण बंद होतं आणि पुढचं वाक्य मोडतं. हीच फट वापरून कुणी मुद्दाम टेबलही उडवू शकतो. पीडीओ असो की डीबीआय, जागा सोडून किंमत वेगळी पाठवायची सोय दोन्हीत आहे. तीच वापरायची.

आता मुख्य मुद्दा. आमच्यातल्या बहुतेकींचं मत पीएचपीमायॲडमिनकडे होतं. सोपं आहे, खरंच आहे. पण त्याला टेबल दिसतं, व्यवहार दिसत नाही. पुस्तक परत येतं तेव्हा दोन गोष्टी बदलतात: पुस्तकाची स्थिती आणि डिपॉझिटची नोंद. तिथे एक चौकोन बदलून दुसरा राहिला तर ते काही बोलणार नाही. वर सगळ्या एकाच लॉगिनने शिरल्या तर कुणी बदललं हेही कळायचं नाही. जँगोत प्रत्येकीचं वेगळं लॉगिन, 'फक्त बघणे' ही परवानगी २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून वेगळी, आणि कुणी कधी कुठला रकाना बदलला याचा इतिहास. जुनी किंमत काय होती ते मात्र इतिहासात येत नाही, त्यासाठी जादा मॉड्यूल जोडावं लागतं.

दुसरी परीक्षा मराठीची. 'ॲ' हे अक्षर घ्या. एका कीबोर्डवर ते एकच अक्षर म्हणून उमटतं (युनिकोडमध्ये ते २००८ ला आलं), तर दुसऱ्यावर 'अ' आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखीच, शोधताना मात्र वेगळी! युनिकोडचं नेहमीचं सारखं करण्याचं तंत्रही या दोघांना एक करत नाही. त्यामुळे सेव्ह होण्याआधी आपल्या दोन ओळी घालून अक्षर एकसारखं करता येईल अशी जागा मॉड्यूलमध्ये हवी. जँगोच्या फॉर्ममध्ये ती आहे. नाहीतर 'ॲप्लाइड' शोधणारीला पुस्तक कपाटात असून 'नाही' असं उत्तर मिळेल.

कोहा का नको, असं मॅडमनी विचारलं. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली ही पर्लमधली प्रणाली उत्तम आहे. बुधवार पेठेतल्याच, १८४८ पासूनच्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या मोठ्या ग्रंथालयासाठी असलं काही शोभेल. तीन कपाटांसाठी ते म्हणजे चहाला पातेल्याऐवजी हंडा.

बघण्यासाठी मला डेटासेट आवडलं, म्हणजे २०१७ मध्ये आलेलं 'डेटासेट' हेच नाव असलेलं पायथॉन मॉड्यूल. एसक्यूलाइटची फाइल दिली की ते शोधता येणारी पानं बनवतं, आणि आपण मुद्दाम सोय केल्याशिवाय कुणाला काही बदलता येत नाही. पण फाइलमधली सगळी टेबलं ते दाखवतं, आणि आमच्या रजिस्टरात खोली नंबर अन् मोबाइल नंबर आहेत. मुलींच्या हॉस्टेलचे खोली नंबर वेबवर? शक्यच नाही. म्हणून रोज रात्री फक्त पुस्तकांचं टेबल वेगळ्या फाइलमध्ये काढायचं आणि तेवढंच दाखवायचं.

तर माझी शिफारस अशी: भरायला जँगो, तेही तिघींनाच, बघायला डेटासेट, सगळ्यांना, पीएचपीमायॲडमिन किंवा ॲडमिनर बाहेरून उघडेल अशा जागी अजिबात नाही. मॅडमनी यावर एकच अट घातली आहे. या सत्राचं नो-ड्यूज जुन्या रजिस्टरवरूनच होणार, आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या तरच ते रजिस्टर कपाटात जाणार. ज्यांच्याकडे पुस्तकं आहेत त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्यावीत.