दाब-उसळी निरोधक डायोड, पृष्ठजडित

इलेक्ट्रॉनीय मंडलाचे क्षणिक अतिदाबापासून रक्षण करणारी अर्धसंवाहक प्रयुक्ती. हिला लांब तारा नसतात. ती मुद्रित मंडलफलकाच्या पृष्ठभागावर थेट डाख देऊन बसवितात. आकाशातील वीज, मोटर वा रिले यांचा प्रवाह एकाएकी तोडणे आणि माणसाच्या शरीरावरील स्थिर विद्युत् भाराचे विसर्जन ही अशा उसळ्यांची प्रमुख कारणे होत. हा डायोड संरक्षित भागास समांतर जोडतात. नेहमीच्या दाबास तो जवळजवळ अवाहक असतो. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास पी-एन संधीत हिमलोटासारखी वाहकवृद्धी होऊन उसळीचा प्रवाह त्याच्यातून वाहून जातो.

निवड करताना तीन दाब विचारात घेतात : ज्या दाबापर्यंत डायोड अवाहक राहतो तो धारण दाब, वहनास आरंभ होतो तो भंजन दाब आणि उसळीच्या वेळी प्रत्यक्ष टोकांवर राहणारा बंधन दाब. उदा., २४ व्होल्ट पुरवठ्यात २०% वाढ संभवत असल्यास दाब २८·८ व्होल्ट होतो. येथे २४ व्होल्ट धारण दाबाचा डायोड योग्य नव्हे. ‘एसएमबीजे ३० ए’ योग्य ठरतो. त्याचे भंजन ३३·३ ते ३६·८ व्होल्टला होते. परंतु १२·४ अँपिअर उसळीत बंधन दाब ४८·४ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून ४० व्होल्टच सोसणारा भाग त्यामागे सुरक्षित राहत नाही.

१०/१,००० मायक्रोसेकंद स्पंदासाठी एसएमए, एसएमबी व एसएमसी आवेष्टनांतील प्रचलित श्रेणींची शिखर शक्ती अनुक्रमे ४००, ६०० व १,५०० वॉट असते. तापमान वाढल्यास ही क्षमता घटते. एकदिश पुरवठ्यास एकदिशीय, तर दोन्ही दिशांनी बदलणाऱ्या संकेतास द्विदिशीय डायोड वापरतात. मोठ्या शक्तीच्या डायोडाची धारणा शेकडो पिकोफॅराड वा अधिक असल्याने जलद संकेतवाहिनीवर अल्पधारणेचा प्रकारच घ्यावा लागतो.

डायोड जोडणीमुखाच्या अगदी जवळ बसवावा व त्याचा भूसंपर्क आखूड ठेवावा. स्थिर विद्युत् विसर्जनात प्रवाह सु. १ नॅनोसेकंदात ३० अँपिअरपर्यंत वाढू शकतो. अशा वेळी पट्टीचे केवळ १० नॅनोहेन्री प्रवर्तकत्वही सु. ३०० व्होल्ट अधिक दाब निर्माण करते आणि उत्तम डायोडही निरुपयोगी ठरतो. अतिभाराने निकामी होताना डायोड बहुधा मंडलसंक्षेप करतो. म्हणून पुरवठ्यात त्याच्या आधी वितळतार असणे आवश्यक असते.