मंदीच्या काळात छोटा धंदा आणि कंत्राटी कामगार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर तालुक्यातील कारेगाव पुणे–नगर महामार्गावर, रांजणगाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. वसाहतीत मोटारी, टीव्ही, फ्रिज बनवणारे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या आधाराने कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, खानावळी, किराणा दुकाने, वडापावच्या गाड्या आणि छोटी वर्कशॉप चालतात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत अशा वस्त्यांचा आधार किती तकलादू असतो हे दिसले. तरीही संकटात कोणाला काय मिळू शकते याविषयी अनेक चुकीच्या समजुती आहेत आणि त्यापायी हक्काची मदत मागायचीच राहून जाते.

गैरसमज 1: कारखाना वाचला की गावातला धंदा आपोआप वाचतो.

वस्तुस्थिती: दुकानात येणारा पैसा कामगाराच्या पगारातून येतो. पगार थांबला की आधी किराण्याची उधारी वाढते, मग खानावळीचे डबे बंद होतात, खोलीभाडे थकते. दुकानदाराचे देणे थकले की घाऊक व्यापारी माल देईनासा होतो. कामगार गावी परतला, तर उधारीही बुडते आणि गिऱ्हाईकही जाते. 1 मे 2020 पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या, तेव्हा औद्योगिक पट्ट्यांतल्या दुकानदारांवर हीच वेळ आली. म्हणून कामगाराला सावरणे ही दुकानदारालाही मदतच असते.

गैरसमज 2: ठेकेदार पळाला म्हणजे पगार बुडाला.

वस्तुस्थिती: ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर उरलेली रक्कम देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे जिथे काम चालते त्या कंपनीवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ती आहे. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. त्यासाठी त्या जागी काम केल्याचा पुरावा लागतो. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेतील जमेची नोंद यांचे फोटो काम चालू असतानाच काढून ठेवावेत, कारण काम सुटताना गेटपास बहुधा परत घेतला जातो.

गैरसमज 3: ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना; तोही कायम कामगारांसाठी.

वस्तुस्थिती: दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कंत्राटी कामगारही ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कक्षेत येतो. पगाराच्या 0.75 टक्के त्याच्याकडून, तर 3.25 टक्के मालकाकडून भरले जातात. याच विम्यातून बेरोजगारीत रोख मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. 2020 मध्ये तिचा दर सरासरी पगाराच्या 25 वरून 50 टक्के करण्यात आला. ही मदत जास्तीत जास्त 90 दिवसांची असते आणि आयुष्यात एकदाच मिळते. वर्गणी पगारातून कापली पण भरली गेली नाही, तर दावा अडतो. म्हणून आपल्या विमा क्रमांकावर वर्गणी जमा होते का, हे मधूनमधून पाहणे गरजेचे आहे.

गैरसमज 4: रेशन कार्ड गावाकडचे असेल तर इथे धान्य मिळत नाही.

वस्तुस्थिती: ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत अन्नसुरक्षा योजनेचा लाभार्थी देशातील कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट 2019 मध्येच सुरू झाली. बिहारच्या किंवा मराठवाड्यातल्या कामगाराने आपल्या वाट्याचे धान्य कारेगावात आणि कुटुंबाने उरलेले गावी घेतले तरी चालते. त्यासाठी कार्डाला आधार जोडलेले हवे.

गैरसमज 5: छोट्या उद्योगाला मदत म्हणजे कर्ज.

वस्तुस्थिती: 2020 मधील तातडीची हमी कर्ज योजना 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्यांचे कर्ज आधीच चालू होते त्यांच्यासाठी होती, कधीच बँकेत न गेलेला वर्कशॉपवाला तिच्याबाहेर राहिला. त्याच वर्षी हप्त्यांना सहा महिने स्थगिती मिळाली, पण ती माफी नव्हती. व्याज चालूच राहिले. अनेकदा नव्या कर्जापेक्षा अडकलेले बिल सुटणे मोलाचे असते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल 45 दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा हक्क मागण्यासाठी माल पुरवण्याआधी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असावी. ती ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. किराणा दुकानदारालाही 2021 पासून ती करता येते, मात्र त्याला फायदा प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच मिळतो.

गैरसमज 6: पथविक्रेत्यांची योजना प्रत्येक हातगाडीला लागू असते.

वस्तुस्थिती: जून 2020 मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी ही पथविक्रेत्यांची कर्ज योजना शहरांसाठी होती. कारेगावात ग्रामपंचायत आहे. शिरूर नगरपरिषदेच्या हद्दीत गाडी लावणारा कारेगावकर पात्र ठरू शकत होता. कारखान्याच्या गेटसमोर चहा विकणारा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पहिल्या कर्जाची रक्कम 10,000 वरून 15,000 रुपये केली आणि शहरांलगतच्या भागांत योजना टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरवले. कारखानदारीने वाढलेल्या ग्रामपंचायतींना त्यात जागा मिळणे अत्यंत आवश्यक आहे.

गैरसमज 7: गरिबांच्या हाती दिलेला पैसा वाया जातो.

वस्तुस्थिती: याचे उत्तर महाराष्ट्राने स्वतःच दिले आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1960 च्या दशकात सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात राज्यभर लाखो हातांना काम देण्यात आले. 1975 पासून शहरांतील नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्यासाठी निधी उभा राहू लागला आणि रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्या मजुरीने घरोघरी चूल पेटली, बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले, आणि तोच पैसा आठवडी बाजारात फिरला. हमी, निधी आणि नोंद आधी तयार असली, तरच पुढच्या संकटात मदत वेळेवर पोचते.