व्होल्ट, अँपिअर आणि आपली मोटार

वीज हा विज्ञान शाखेचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का शिरावे, असा प्रश्न काही मित्रमैत्रिणींना पडेल. परंतु विजेचे बिल शाखा पाहून येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे बिल वाचायला माझ्याच हाती येते आणि शेतावरची मोटार का जळली, हेही मलाच विचारले जाते. थोडे वाचल्यावर ध्यानात आले की, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी एका भागाकारात आणि एका गुणाकारात आहेत.

तलावाचे पाणी पाटाने बांधीत येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तलाव जितका उंच, तितका पाण्याला जोर. विजेच्या या जोराला विद्युतदाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. पाटातून दर क्षणाला जितके पाणी वाहते तशी तारेतून वाहणारी विद्युतधारा, म्हणजेच करंट. ती अँपिअरमध्ये मोजतात. पाट अरुंद असला, गवताने भरला असला, की पाणी अडते. तारेतील अशा अडथळ्यास रोध म्हणतात व त्याचे माप ओहम.

हे नाव जर्मनीतील गेऑर्ग सायमन ओहम यांच्यावरून पडले. कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा पुढे शिक्षक झाला. दाब, धारा व रोध यांचा संबंध त्याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. प्रथम त्याची उपेक्षाच झाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला.

नियम सोपा आहे. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. समजा, घरातील इस्त्री २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेते. २३० भागिले ५, म्हणजे रोध ४६ ओहम. २३० गुणिले ५, म्हणजे शक्ती ११५० वॅट. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. तेव्हा ही इस्त्री दोन तास सतत तापली तर २.३ युनिट खर्ची पडतील.

आता दाब १६० व्होल्टवर उतरला असे धरू. रोध तोच ४६ ओहम. धारा सुमारे ३.५ अँपिअर आणि शक्ती केवळ ५५७ वॅटच्या आसपास! दाब एक तृतीयांशानेही घटला नाही, पण उष्णता निम्म्याहून खाली आली. कारण दाब घटला की धाराही घटते आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसतो.

मोटारीचे मात्र उलटे आहे. तिला पाणी तितकेच उपसायचे असते. म्हणून दाब कमी झाला की ती बहुधा जास्त धारा ओढते. तारेत निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. धारा दीडपट झाली तर उष्णता सव्वादोन पट होते. मग वेटोळ्यांवरचे वार्निश जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. (मोटारीची शक्ती काढताना पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते व तीन फेजचे सूत्र निराळे असते, हे येथे सांगून ठेवते.)

दाब उतरतो तरी का? खांबापासून शेतापर्यंतच्या लांब, बारीक तारेचा रोध जाता-येता मिळून २ ओहम धरा. १० अँपिअर वाहिले तर तारेतच २० व्होल्ट खर्ची पडतात व २०० वॅट वाया जातात. २० अँपिअर वाहिले तर ४० व्होल्ट व ८०० वॅट. धारा दुप्पट, नुकसान चौपट. उन्हाळी धानाला एकाच वेळी साऱ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की सामाईक तारांत हेच घडते.

हाच हिशेब आपल्या जिल्ह्यातील तिरोड्यालाही लागू आहे. तेथील औष्णिक केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे एकूण क्षमता ३३०० मेगावॅट. तिरोड्याहून कोराडी, अकोला मार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी वाहिनी ७६५ किलोव्होल्टची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची आहे. तितकीच शक्ती दहापट दाबाने पाठविली तर धारा एक दशांश लागते आणि त्याच तारेतील नुकसान शंभरावा हिस्सा होते.

जे तेथील अभियंते करतात, त्यातले थोडे आपल्यालाही करता येईल. तार जाड व शक्य तितकी आखूड असावी, सांधे घट्ट असावेत, दाब फार उतरला असता मोटार चालू करू नये. मोजमाप मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. तार न तोडता तिच्याभोवती लावायच्या क्लँप मीटरने धारा कळते.

आणि कला शाखेच्या आपणासही यात एक काम आहे. गावातले अर्ज बहुधा आपणच लिहितो. “व्होल्टेज कमी आहे” एवढेच लिहिलेला अर्ज बाजूला ठेवणे सोपे असते. परंतु कोणत्या तारखेला, किती वाजता, किती व्होल्ट व किती अँपिअर होते, याचा आठ दिवसांचा तक्ता जोडला, तर त्याला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. चांगले मराठी लिहिणाऱ्या हाताला एवढा भागाकार-गुणाकार आला, तर गावाची तक्रार अधिक वजनदार होईल.