जुन्या पत्त्यावर हाका

सीपरी बाजार हे नावच मुळात जुना पत्ता आहे. झाशीहून शिवपुरीकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा बाजार, आणि शिवपुरीचं जुनं नाव सीपरी. गावाचं नाव पालटलं, बाजाराचं राहिलं, तरी कुणी वाट चुकत नाही. स्टेशनचंही तेच. 2021च्या अखेरीस त्याला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं, पण रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हटलं तरी भागतं. माणसांचं जुन्या पत्त्यांवर निभावतं. यंत्राचं निभावत नाही, हे मला याच बाजारात मावशीच्या टॅबनं शिकवलं.

मावशी लग्न होऊन झाशीला आली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. संध्याकाळी टॅबवर कीर्तन लावायचं आणि मग पुण्याला नातवाशी बोलायचं, हा तिचा नेम. मी गेले तेव्हा तो आठवडाभर मोडला होता. “अगं, वाय-फायचं चिन्ह तर पूर्ण येतंय, पण चालत म्हणशील तर काहीच नाही!” चिन्हाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: कनेक्टेड, इंटरनेट नाही. शेजारी काकांचा फोन त्याच वाय-फायवर क्रिकेट दाखवत होता.

बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात टॅब नेला, तर तिथल्या वाय-फायवर तो धडधडीत चालला. दुकानातल्या पोरानं घरची हकीकत ऐकून घेतली. “राउटर बदला था क्या?” बदलला होता. आठ दिवसांपूर्वीच. “नेटवर्क रीसेट कर देते हैं, फोटो-वोटो नहीं जाएँगे।” अर्ध्या मिनिटात काम झालं. घरी येऊन पासवर्ड पुन्हा घातला आणि कीर्तन सुरू.

मला राहवेना. त्या अर्ध्या मिनिटात नेमकं गेलं काय?

नवा राउटर बसवणाऱ्या माणसानं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले होते, घरच्यांना त्रास नको म्हणून. आता गंमत बघा. डब्ल्यूपीए2 या नेहमीच्या पद्धतीत पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. टॅब तो पासवर्ड आणि वाय-फायचं नाव एकत्र करून 4096 वेळा घुसळतो आणि त्यातून 256 बिटांची किल्ली काढतो. राउटरकडेही तीच किल्ली असते. मग दोघं एकमेकांना नुकतेच काढलेले आकडे पाठवतात आणि किल्ली न दाखवता ती आपल्याकडे असल्याचं पटवून देतात. नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणून किल्ली तीच. दार उघडलं आणि चिन्ह भरलं. इथवर टॅबचं काही चुकलं नव्हतं.

चूक दाराच्या आत होती. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीपुरता, धर्मशाळेतल्या खोलीसारखा. पण हा पत्ता हातानं कायमचा घालून ठेवायचीही सोय असते, आणि टॅबमध्ये तो तसा घातलेला होता, सोबत राउटरचा पत्ताही. जुना राउटर 192.168.0.1 या पत्त्यावर होता. नवा होता 192.168.1.1 वर. एका आकड्याचा फरक, पण तेवढ्यानं आळीच बदलली. टॅब आत शिरून हाक मारायचा: 192.168.0.1 कोण आहे? ही हाक मारायची रीत 1982 साली ठरलेली आहे आणि आजही तशीच चालू आहे. मावशीच्या घरात मात्र त्या पत्त्याचं आता कुणीच उरलं नव्हतं. आठ दिवस टॅब रिकाम्या घराला हाका मारत होता.

तो पत्ता हातानं कुणी घातला होता? मी. दोन वर्षांपूर्वी, ‘यानं नेट जोरात पळतं’ असं कुठंतरी वाचून. नेट तेव्हाही पळालं नव्हतं.

खरं तर एवढ्यासाठी रीसेटची गरजच नव्हती. वाय-फायच्या यादीत त्या नावावर बोट ठेवून ‘फरगेट’ केलं असतं, तर हातानं घातलेला पत्ताही त्यासरशी गेला असता. सुरीचं काम कुऱ्हाडीनं झालं. कुऱ्हाडीनं आणखी काय तुटलं, ते रात्री कळलं: मावशीचा ब्लूटूथ स्पीकर टॅबला ओळख देईना. जोडी जमवताना दोघं एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्याकडे जपतात. टॅब ती विसरला, स्पीकरला आठवत होती. पुन्हा जोडी जमवावी लागली.

नेटवर्क रीसेटमध्ये साठवलेली सगळी वाय-फाय, ब्लूटूथच्या जोड्या, व्हीपीएन आणि हातानं भरलेला एपीएन जातो. एपीएन म्हणजे सिमवरचं इंटरनेट ज्या दारातून बाहेर पडतं त्याचं नाव, ‘जिओनेट’ किंवा ‘बीएसएनएलनेट’सारखं. एक अक्षर चुकलं की कॉल लागतात, नेट लागत नाही. अशा वेळी रीसेट रामबाण ठरतो, कारण सिमवरचे 404 किंवा 405 ने सुरू होणारे आकडे वाचून फोन कंपनीचा मूळ एपीएन स्वतःच परत मांडतो. फोटो, मेसेज, ॲप यांना धक्का लागत नाही. काही अँड्रॉइड फोन तिथंच ई-सिमही पुसायचं का विचारतात. त्या चौकोनात चुकूनही खूण करू नका.

आयफोनवर हा रीसेट ‘जनरल’मध्ये तळाशी सापडतो, सॅमसंगवर ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये, बाकीच्या बहुतेक अँड्रॉइडवर ‘सिस्टम’मध्ये. पण आधी विमान मोड लावून काढा, फोन बंद-चालू करा, राउटरची पिन काढून लावा, मग ‘फरगेट’. एवढं करून भागलं नाही, तरच रीसेट. घरातले सगळेच फोन अडले असतील तर तेही नको. दोष बहुधा बाहेरच्या केबलमध्ये किंवा न भरलेल्या बिलात असतो.

आणि रीसेट दाबण्याआधी वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून घ्या. मावशीकडे तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, म्हणून आमचं निभावलं.