पोरगं सारखं पडतंय? सुनेला बोल लावू नका, आधी रक्त तपासा

मुलगा चार-पाच वर्षांचा. अंगणवाडीतली बाकीची पोरं पळतात, हा मागं राहतो. चालता चालता पडतो. खाली बसला की उठताना आधी जमिनीला हात टेकतो, मग गुडघ्याला, मग मांडीला, तेव्हा कुठं उभा राहतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या जाड. घरचे म्हणतात, "आळशी आहे, मोठा झाला की होईल नीट."

पण ही लक्षणं ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराची असू शकतात.

नेमकं काय होतं?

स्नायूंना मजबुती देणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळपास तयारच होत नाही. त्यामुळे स्नायू हळूहळू झिजत जातात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं. पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायूही कमजोर होतात.

मुलालाच का होतो?

याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एकच. शेतात दोन विहिरी असल्या तर एक आटली तरी दुसरीवर भागतं. एकच असली आणि तीच आटली, तर पीक वाळतं. तसंच हे. आईच्या एका एक्समध्ये दोष असला तरी तिला बहुधा काही जाणवत नाही. पण तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय तीनपैकी साधारण एका मुलात हा दोष नव्यानंच आलेला असतो, आईकडून आलेलाच नसतो.

म्हणजे यात कुणाची चूक नाही, कुणाचा शाप नाही. तरीही अनेक घरांत सुनेला टोमणे, मारहाण, माहेरी धाडणं होतं. असा छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या कायद्यात हेच कलम 498-अ होतं.

तपासणी कोणती?

पहिली तपासणी साध्या रक्ताची, सीके किंवा सीपीके. या आजारात तिचा आकडा कित्येक पटींनी वाढलेला दिसतो. नंतर जनुकाची तपासणी होते. इथं एक घोळ होतो. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं दिसलं की लिव्हरचा आजार समजून औषधं सुरू होतात. पण स्नायू झिजले तरी हे आकडे वाढतात. पोरगं पडतही असेल तर डॉक्टरांना सीके करायला सांगा.

पुन्हा दिवस राहायच्या आधी आईची आणि मावशीची जनुक तपासणी करून घ्यावी. पोटातल्या बाळाचं लिंग सांगणं गुन्हा आहे, पण अशा आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं करायला कायद्यानं मुभा आहे.

पुढे काय?

आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण स्टेरॉइड गोळ्यांनी चालणं काही वर्षं लांबवता येतं. या गोळ्या मनानं सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका. जोर-बैठका टाळा, फिजिओथेरपिस्ट सांगेल ते ताण देणारे व्यायाम करा. हृदयाची तपासणी ठेवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. दिव्यांगाला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं तर याच कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. शाळेत, पारावर नावं ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

अंगणवाडी आणि शाळेत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. पथकासमोर त्याला खाली बसवून उठायला सांगा.