वजनाला वजन

पोर्तुगालची राजधानी लिस्बन टेकड्यांवर वसलेली आहे. खालच्या बाजारपेठेतून वरच्या कार्मो भागात जायचं तर चढ चढून जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून १९०२च्या जुलैत भररस्त्यात ४५ मीटर उंचीची लोखंडी लिफ्ट उभी राहिली : सांता जुश्ता. आत लाकडी कामाच्या दोन खोल्या, आणि वरून थेट टेकडीवर नेणारा पूल. आधी ती वाफेवर चाले, १९०७ पासून विजेवर. आयफेल टॉवरवाल्या आयफेलचं नाव तिला उगाच चिकटतं. कर्ता होता राऊल मेस्निए दु पोंसार.

त्याआधी १८८२मध्ये ब्रागा शहराजवळ बॉम जेझुशच्या डोंगरावर याच मेस्निएच्या देखरेखीखाली उताराची गाडी झाली होती. तिची गंमत अधिक. एका दोराची दोन टोकं दोन डब्यांना बांधलेली. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं. तो जड होऊन खाली निघतो आणि खालच्याला वर खेचतो. तळाशी पोचला की टाकी रिकामी. खाली किती उतारू बसलेत त्यावर पाणी किती घ्यायचं ते ठरतं. ना इंजिन, ना कोळसा. ही गाडी आजही पाण्यावरच चालते.

शिरूर-दौंडकडच्या जुन्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. विहिरीतून पाणी काढणाऱ्या मोटेचे बैल धावेवर उताराच्या दिशेनेच चालत. ओढण्याच्या जोराला त्यांच्या अंगच्या वजनाची भर पडे आणि भरलेली मोट थारोळ्यापर्यंत येई.

आजच्या इमारतीतल्या लिफ्टमध्येही हाच हिशेब आहे. समजा खोली ६०० किलोची आणि माणसं ४०० किलोची. दोराच्या दुसऱ्या टोकाला ८०० किलोचं वजन टांगलं, तर भरलेल्या लिफ्टसाठी मोटरला फक्त २०० किलोचा फरक पेलावा लागतो. उलट रिकामी लिफ्ट खाली आणायलाच तिला जोर लावावा लागतो!

पण दोरच सुटला तर? ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनच्याच ग्लोरिया या उताराच्या गाडीत तेच झालं. दोन डब्यांना जोडणारा दोर डब्याच्या आतल्या जोडावर निसटला. ब्रेक लावूनही डबा थांबला नाही आणि १६ जणांचा जीव गेला. त्या दिवशी सकाळीच पाहणी झाली होती. पण तो जोड खोलल्याशिवाय दिसतच नव्हता.

उभ्या लिफ्टसाठी यावरचा उपाय एलिशा ओटिसने १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभं राहून दाखवला होता. दोर तोडला, त्याचा ताण गेला, तशी दबलेली स्प्रिंग फाकली आणि बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकली. लिफ्ट जागेवर थांबली.

हा पकडणारा ब्रेक मात्र तपासत राहावा लागतो. आपल्याकडे लिफ्टचा कायदा १९३९पासून आहे. शिरूर-दौंडमध्येही आता लिफ्टच्या इमारती उभ्या राहताहेत. तिथल्या रहिवाशांनी विद्युत निरीक्षकाची तपासणी शेवटची कधी झाली, हे सोसायटीच्या सचिवांना जरूर विचारावं.